कृपया नकार मिळावा, ही विनंती

रत्नागिरीतल्या वानरांना निवडणुकीचं वेळापत्रक आयोगाच्या आधी कळत असावं, असा माझा जुना संशय आहे. लोकसभेची निवडणूक यायची ती बरोबर हापूस तयार व्हायच्या वेळेला. २०१९ साली आचारसंहिता १० मार्चला लागली, २०२४ साली १६ मार्चला. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, परवान्याची बंदूक आणून जमा करा. बागायतदार ती जुन्या लुगड्यात गुंडाळतो, एसटीने ठाण्यात नेतो आणि पावती घेऊन परत येतो. इकडे त्याच दुपारी वानरांचा कळप बागेत उतरतो. एक आंबा तोडायचा, एक चावा घ्यायचा, फेकायचा, दुसरा तोडायचा. २०२४ साली इथलं मतदान ७ मे रोजी झालं, निकाल ४ जूनला लागला आणि आचारसंहिता उठली ६ जूनला. तोवर आंबा संपलेला, मृग तोंडावर आलेला. बंदूक घरी आली तेव्हा तिची दारू सर्दायला लागली होती.

विधानसभेची गोष्ट वेगळी. ती भातकापणीच्या सुमाराला येते. २०१९ साली २१ ऑक्टोबर, २०२४ साली २० नोव्हेंबर. तेव्हा वानर विश्रांती घेतात आणि रानडुकरं कामावर येतात. पाच वर्षांत दोनदा लोकशाही बळकट होते, आणि दोन्ही वेळा पीक अशक्त होतं.

निवडणूक आयोग सरसकट बंदुका जमा करा असं म्हणत नाही, हेही सांगायला हवं. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांच्या परवान्यांची छाननी करा, असं तो म्हणतो. पण ज्याचा सगळ्यात मोठा गुन्हा शेजाऱ्याच्या फणसावर हक्क सांगणं हा आहे, असा माणूस छाननीची वाट बघत बसत नाही. निरोप आला की तो मुकाट्याने बंदूक नेऊन देतो.

अर्थात हे दुःख परवाना असलेल्यांचं, म्हणजे सुखवस्तूंचं. जमा करायला आधी बंदूक असावी लागते. ज्याचा परवान्याचा अर्जच अजून फिरतोय, त्याला आचारसंहितेचा काडीचाही त्रास नाही. या जमातीबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्याकडे बंदूक मागतात ती शेतीसंरक्षणासाठी. बंदुकीच्या परवान्याचा कायदा १९५९ सालचा, आणि वाचायला बसलं तर फार दिलदार आहे. कलम १३ म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी नागरिकाने ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना ‘द्यावा’. ‘देता येईल’ नव्हे, ‘द्यावा’. पुढच्या कलमात नाकारायची कारणं आहेत, पण सुरुवात तरी हात सैल सोडून केलेली आहे.

गंमत त्या ‘ठासणीची’ या शब्दात आहे. ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळी उभी धरायची, तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं, मग छरे, परत बोळा, परत ठासायचं, मग मागे टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि नेम धरायचा. एवढं होईस्तोवर वानर समोरच्या फांदीवर बसून पाहत असतो. पहिल्या बोळ्याला तो आंबा संपवतो आणि टोपी बसेपर्यंत सड्यापलीकडच्या बागेत पोचलेला असतो. ही अडचण संसदेच्याही ध्यानात आली असावी, कारण तिथेच एक पोटवाक्य जोडलेलं आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी साध्या नळीची बंदूक देता येते. थोडक्यात, वानर चपळ असतो हे अर्जदाराने सरकारदरबारी सिद्ध करायचं.

मुळात हत्याराला परवाना ही भानगड लॉर्ड लिटनची. सत्तावन्नचा उठाव जिरवून झाल्यावर १८७८ साली त्याने हा कायदा आणला आणि गोऱ्यांना त्यातून मोकळं ठेवलं. पुढे काँग्रेसने त्याविरुद्ध ठरावांवर ठराव केले. स्वातंत्र्य मिळालं, नवा कायदा डिसेंबर १९५९ मध्ये झाला आणि अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. परवान्याच्या कायद्यालाच अमलात यायला पावणेतीन वर्षं लागली, तर परवान्याला किती लागावीत हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता एक उदाहरण देतो. आमच्या वाडीत एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळी वाडी आबा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. गाव सांगत नाही, कचेरीही सांगत नाही. गावातला प्रत्येक जण ‘हे आमचेच आबा’ म्हणेल आणि कचेरीतला प्रत्येक जण ‘ही आमची कचेरी नव्हे’ म्हणेल. आबांची कलमं सत्तर-ऐंशी, त्यातली निम्मी वानरांच्या आणि उरलेली दलालाच्या ताब्यात. एका वर्षी त्यांनी हिशोब मांडला आणि जाहीर केलं, “दलाल निदान पावती तरी देतो. या वांदरांचं काहीतरी केलं पाहिजे.”

अर्ज ऑनलाइन. फॉर्म ए-१. तो पुतण्याने भरून दिला. ऑनलाइन अर्जाची छापील प्रत काढायची आणि तिच्यासोबत सगळी कागदपत्रं कचेरीत नेऊन द्यायची, हे आपल्याकडच्या ऑनलाइनचं खास वैशिष्ट्य. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, बंदूक सुरक्षित ठेवीन अशी हमी आणि डॉक्टरचा दाखला. अर्जदार शरीराने धड आणि मनाने ठिकाणावर आहे, असं त्या दाखल्यात डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. आबा तो सगळ्यात आधी घेऊन आले. म्हणाले, “आत्ताच घेतलेला बरा. कचेरीच्या खेपा सुरू झाल्यावर असला दाखला कोण देणार नाही.”

खरी मौज सातबाऱ्याची. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हटल्यावर शेती दाखवायला हवी, आणि कोकणात शेती दाखवायची म्हणजे सगळं खानदान दाखवायचं. आबांच्या सातबाऱ्यावर माणसं इतकी की तेवढ्यांनी एकेक कलम राखायला घेतलं असतं तर बंदुकीची गरजच पडली नसती. त्यातली काही वारली, काही विरारला गेली, एक काकू माहेरच्या नावाने अजून उभी आहे, आणि आबांच्या आजोबांचे धाकटे बंधू कागदोपत्री आजही हयात असून अज्ञान आहेत. त्यांचे अज्ञान पालक म्हणून ज्यांचं नाव लागलंय, त्यांची पुण्यतिथी वाडी साजरी करते.

या सगळ्यांची संमतीपत्रं आणा, असा सल्ला कुणीतरी दिला. कायद्याने लागतात की नाही हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पण कागद जास्त जोडलेला बरा, अशी आपली एक राष्ट्रीय श्रद्धा आहे. आबा मुंबईला गेले. डोंबिवलीच्या चुलतभावाने चहा पाजला आणि विचारलं, “बंदूक घेऊन नक्की कोणाला मारणार आहेस?” कारण त्या दोघांत एका गडग्यावरून दावा चालू आहे. विरारचा पुतण्या म्हणाला, सही देतो, पण दर वर्षी दोन पेट्या. म्हणजे वानर परवडला. तो निदान पेटी बांधून मागत नाही.

मग पोलीस चौकशी. पोलीस ठाण्याने अर्जदाराची वर्तणूक तपासून अहवाल पाठवायचा असतो, आणि ते रास्तच आहे. हत्यार कुणाच्या हाती जातंय हे पाहायलाच हवं. बंदुकांच्या बाबतीत ढिलाई करणाऱ्या देशांची वर्तमानपत्रं आपण वाचतोच. पण चौकशीत एक प्रश्न असतो: कोणाशी वैर, वाद, तंटा? आता रत्नागिरीत दिवाणी दावा नसलेला प्रौढ माणूस मिळणं कठीण. गडगा, पायवाट, विहिरीचं पाणी, सामाईक फणस, यांतला एकही वाद नसेल तर त्या माणसाला जमीन नाही असं खुशाल समजावं. आणि जमीन नसेल तर शेतीसंरक्षण कसलं? आबा चौकशीला आलेल्या हवालदाराला म्हणाले, “वाद आहेत, पण वडिलोपार्जित. माझा स्वतःचा एकही नाही.” हवालदार इथलाच असावा. त्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

अहवाल गेला. मग एकदा साहेबांसमोर बोलावणं आलं. तो संवाद आबांनी मला इतक्या वेळा ऐकवलाय की मी तिथे हजर होतो असं मला वाटायला लागलंय.

“काका, बंदूक कशाला पाहिजे?”

“वानरांसाठी, साहेब.”

“वानर मारणार? वन्यजीव कायदा माहीत आहे ना? गुन्हा आहे तो.”

“छे छे! मारतोय कसला? शनिवारी मारुतीला तेल वाहतो मी. हवेत बार काढायचा. नुसता आवाज.”

“मग आवाजासाठी फटाके लावा की.”

“लावले. पहिल्या वर्षी पळाले. दुसऱ्या वर्षी बघायला आले.”

साहेब हसले आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं हा वाडीत अजूनही चर्चेचा विषय आहे. पण पेच खराच आहे. वानराला कायद्याचं संरक्षण. रानडुक्कर मारायला वन खात्याची वेगळी परवानगी. म्हणजे बंदुकीचा परवाना मिळाला तरी तो बहुतेक वेळ आवाजाचाच परवाना. माकडं पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडावीत तर वन्यजीवांचे राज्यातले सर्वोच्च अधिकारी नागपूरला बसतात. आंबा रत्नागिरीत, वानर रत्नागिरीत आणि निर्णय विदर्भात. तोवर बागायतदार नेपाळहून आलेल्या गुरख्यांवर बागा सोपवतात. हंगामात इथल्या बागांतून रात्री नेपाळी गाणी ऐकू येतात, ती याच कारणाने. ते डबे वाजवतात, बेचकीने दगड मारतात, आरोळ्या ठोकतात. त्यासाठी कसलाही परवाना लागत नाही.

मग आबांच्या अर्जाचं काय झालं? काहीच झालं नाही. आणि माझ्या विषयाचं मूळ इथेच आहे.

नियम सांगतो तो असा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून साठ दिवसांत परवाना प्राधिकाऱ्याने निकाल द्यायचा: हो किंवा नाही, लेखी. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही तर त्याच्यासाठी थांबायचंही बंधन नाही, थेट निर्णय घेता येतो. हे कायद्यातच लिहिलंय. नाही म्हणायचं असेल तर कारणं नोंदवायची आणि अर्जदाराने मागितली तर ती थोडक्यात त्याला द्यायची. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेवढाच अपवाद. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही, हेही कलम १४ मध्ये आहे. आणि नकार मिळाला तर तीस दिवसांत अपील. कशाची म्हणून उणीव नाही. पाहुण्याने खोट काढू नये असं ताट वाढलेलं आहे.

फक्त अपील करायचं ते नकाराच्या आदेशाविरुद्ध. आदेशच नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार?

आबांचा अर्ज कुणी नाकारलेला नाही. तो ‘प्रलंबित’ आहे. कचेरीत विचारलं की खिडकीपलीकडचे भाऊसाहेब अतिशय अदबीने सांगतात, “नामंजूर नाही हो, काळजी करू नका.” हे ऐकून आबांच्या पोटात गोळा येतो. नकार हा मोठा दिलदार प्रकार आहे, त्याला तारीख असते, जावक क्रमांक असतो, खाली सही असते, आणि त्या सहीवर बोट ठेवून माणूस वरच्या दाराला जाऊ शकतो. प्रलंबिताला यातलं काही नसतं. नामंजूर म्हणायला धैर्य लागतं, मंजूर म्हणायला त्याहून जास्त. कारण उद्या त्या बंदुकीने काही विपरीत घडलं तर पहिला प्रश्न ‘परवाना कोणी दिला?’ हाच असतो. फाइल पडून राहिली म्हणून मात्र आजवर कुणी कुणाला जाब विचारलेला नाही. त्यामुळे खुर्चीवरच्या माणसाचंही मला नवल वाटत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीसुद्धा फाइलवर पेपरवेट ठेवून चहाला गेलो असतो.

शेवटी कंटाळून आबांनी एक अर्ज लिहिला. मसुदा मला दाखवला. विषय: ‘माझा अर्ज नामंजूर होऊन मिळणेबाबत’. खाली मजकूर: ‘तरी मेहेरबानांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून कृपया नकार मिळावा, ही विनंती.’ मी म्हटलं, “आबा, हे बरोबर दिसत नाही.” ते म्हणाले, “मग तू सांग, दुसरं काय मागू? होकार मागून झाला.”

आबा या दिरंगाईला इतके वैतागतात याचं एक खास कोकणी कारण आहे. आम्हाला निकालाची सवय वेगळी. गावात काही अडलं की देवळात जायचं, गुरव किंवा गावकर देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सगळी हकीकत मांडतो, मागची मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणून पाठिंबा देतात. मग कौल लावायचा. देवाच्या अंगाला लावलेलं फूल नाहीतर तांदूळ उजवीकडून पडला की हो, डावीकडून पडला की नाही. प्रसाद घेऊन माणूस दुपारच्या जेवणाला घरी. देव ‘अहवालासाठी प्रतीक्षेत’ असं सांगत नाही. क्वचित दोन्हीकडचं काही हलत नाही, तेव्हा गुरव पुन्हा गाऱ्हाणं घालतो आणि देवाला जरा चढ्या आवाजात आठवण करून देतो. ही सोय कचेरीत नाही. तिथे चढ्या आवाजात आठवण करून देणाऱ्याला बंदूक देणं धोक्याचं, असा शेरा पडू शकतो.

तसं थांबणं रत्नागिरीला नवीन नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ साली इथे आणला गेला. सरकारकडे अर्ज-विनंत्या करत बसणं हाच त्या बापड्याचा उद्योग होऊन गेला, आणि आज पर्यटक बघायला येतात त्या राजवाड्यात तो राहायला गेला १९१० साली. राजाला घर मिळायला चोवीस वर्षं. आबांचं तर राज्यही गेलेलं नाही, नुसता आंबा जातोय.

समजा, उद्या आबांचं नशीब उघडलं आणि नकार आला. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे नवी मुंबईत बेलापूरच्या कोकण भवनात. तीनशेहून जास्त किलोमीटर. रस्त्याने जावं तर मुंबई-गोवा महामार्ग, जो स्वतःच वर्षानुवर्षं प्रलंबित आहे. त्यापेक्षा कोकण रेल्वे बरी. तुतारी, मांडवी, कोकणकन्या, जिच्यात जागा मिळेल ती. अपिलाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, अशी तरतूद आहे. ‘महामार्गाने आलो’ हे सबळ कारण धरावं, असं माझं मत आहे.

आणि नकारही आला नाही, होकारही आला नाही तर? तर उरतं उच्च न्यायालय. अमुक मुदतीत निर्णय घ्या, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. होकार द्या असं सहसा सांगत नाही, पण काय ते एकदाचं सांगा, असं बजावू शकतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे गेला. आंबा घाट चढून गेलं की आलंच कोल्हापूर. म्हणजे आता आयुक्तांपेक्षा न्यायमूर्ती जवळ. निम्म्याहूनही कमी अंतर, आणि येताना तांबडा-पांढरा रस्सा. वकिलाची फी आणि आंब्याचं उत्पन्न यांचा मेळ बसवणं हा प्रश्न उरतोच, पण तो वानर असले-नसले तरी उरतो.

यात आणखी एक नियम आबांना नुकताच समजला आणि ते दोन दिवस गप्प होते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगून झाली, की ती कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. आबांचं वय पाहता परवाना हातात पडायला आणि तो मुलाच्या नावावर करायला साधारण एकच मुहूर्त निघणार. मुलगा ठाण्याला नोकरीला. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. त्याच्याही अर्जाची चौकशी होणार, त्यालाही वैर-वाद-तंटा विचारणार, आणि तोवर गडग्याचा दावा त्याच्या नावावर आलेला असणार.

तेव्हा ज्यांना असा अर्ज करायचाय त्यांना अनुभवी माणसाच्या शेजाऱ्याचा सल्ला. अर्ज देताना पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते उजेडात धरून बघा. तीस आणि साठ दिवस कॅलेंडरवर मोजा. मुदत टळली की लेखी स्मरणपत्र द्या आणि माहितीच्या अधिकारात फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. नकार आला तर कारणं लेखी मागा, आणि घरी जाऊन झोपू नका, अपिलाचे तीस दिवस नकारावरच्या तारखेपासून चालू झालेले असतात. आणि बंदूक मिळालीच, तर पहिला बार काढायच्या आधी निवडणूक आयोगाने काही जाहीर केलंय का, तेवढं पेपरात बघून घ्या.